433 की 450? सोलापुरातील एका टॉवेल निविदेवरील हरकतीचे प्रकरण

शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाला महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलचा संदेश मोबाइलवर येतो: तांत्रिक मूल्यमापन पूर्ण झाले. लॉगिन केल्यावर आपल्या नावापुढे 'अपात्र' दिसते आणि कारणाच्या रकान्यात एकच ओळ, 'नमुना विनिर्देशानुसार नाही'. आर्थिक लिफाफे सोमवारी सकाळी 11 वाजता उघडणार आहेत. राज्य शासनाच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणून शनिवार-रविवार दार बंद. कार्यालय 9.45 ला उघडते. हातात राहतो सव्वा तास.

हे प्रकरण कुठल्याही एका कार्यालयाचे किंवा कारखान्याचे नाही. पुरवठ्याच्या निविदांमध्ये जे वारंवार घडते ते एकत्र बांधून इथे मांडले आहे, आणि रकमा, वजने, दर समजावण्यापुरते घेतले आहेत. कायद्याचे, शासन निर्णयाचे आणि निकालांचे उल्लेख मात्र खरे आहेत.

निविदा काय होती

वसतिगृहे आणि रुग्णालयांसाठी 12,000 टेरी टॉवेल. आकार 75 × 150 सेंटिमीटर, वजन 450 जीएसएम म्हणजे चौरस मीटरला 450 ग्रॅम, सवलत अधिक-उणे 3 टक्के. अंदाजित दर नगाला 210 रुपये, एकूण 25 लाख 20 हजार. दोन लिफाफ्यांची पद्धत: पहिल्यात कागदपत्रे, दुसऱ्यात दर. शिवाय प्रत्येकाने दोन टॉवेल सीलबंद करून भांडार शाखेत द्यायचे, एक तपासणीसाठी आणि एक राखीव. चार जणांनी निविदा भरली. अपात्र ठरलेला कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीतला, टॉवेलचेच यंत्रमाग असलेला.

निविदेतल्या दोन अटींवर पुढचे सगळे प्रकरण उभे राहिले. एक: नमुन्याची तपासणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून केली जाईल. दोन: त्याच मालाचा एनएबीएल तपासणी अहवाल पहिल्या लिफाफ्यात जोडलेला असावा.

शुक्रवारची रात्र: आधी कागद गोळा करा

राग येणे साहजिक आहे, पण पहिला तास रागाचा नसून स्क्रीनशॉटचा असतो. पोर्टलवरची स्थिती, अपात्रतेचे कारण, आर्थिक लिफाफ्याची वेळ आणि तांत्रिक मूल्यमापनाच्या सारांशाची पीडीएफ, सगळे तारीख-वेळ दिसेल असे उतरवून घ्यायचे. शुद्धिपत्रक निघाले की पानावरची माहिती बदलते आणि जुनी वेळ सिद्ध करणे अवघड होते.

या सारांशासोबत समितीच्या सहीचा एक तक्ता जोडलेला होता. त्यात आपल्या नमुन्यासमोर हाताने लिहिलेले: वजन 487.5 ग्रॅम, जीएसएम 433, अमान्य. तक्त्याच्या डोक्यावर 'भांडार शाखा, दु. 3.30'. प्रयोगशाळेचे नाव किंवा अहवाल क्रमांक कुठेही नाही. म्हणजे टॉवेल भांडारातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला आणि आलेल्या वजनाला 1.125 ने भागले. 75 × 150 सेंटिमीटर म्हणजे 1.125 चौरस मीटर, 487.5 भागिले 1.125 बरोबर 433.3. मान्य किमान 436.5. गणितात चूक नव्हती. चूक त्याआधीच, वजन कुठे आणि कसे केले यात झाली होती.

याच तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात दुसरी गोष्ट सापडली. पात्र ठरलेल्या एका निविदाधारकासमोर शेरा होता: 'तपासणी अहवाल त्रुटीपूर्ततेद्वारे प्राप्त', म्हणजे राहिलेला कागद नंतर मागवून घेतला. त्याचा उघडलेला तांत्रिक लिफाफा आपल्या लॉगिनमधून पाहता येत होता. अहवालाची तारीख निविदा भरण्याच्या अंतिम मुदतीनंतर चार दिवसांची निघाली. एनएबीएल अहवालावर यूएलआर हा प्रत्येक अहवालाचा वेगळा क्रमांक असतो आणि त्यात वर्षाचे आकडे असतात, पण दिवस ठरवायला अहवालावरची 'नमुना प्राप्त', 'चाचणी सुरू' आणि 'अहवाल निर्गमित' या तीन तारखा वाचाव्या लागतात. इथे नमुना प्राप्तीची तारीखच मुदतीनंतरची होती. मुदत संपली तेव्हा हा अहवाल अस्तित्वातच नव्हता.

वजनाचे गणित

ज्याचा टॉवेलशी संबंध नाही त्याला वाटेल, वजन म्हणजे वजन, काट्यावर ठेवले की कळते. कापसाचे तसे नसते. कापूस हवेतला ओलावा धरतो आणि हवा कोरडी पडली की सोडतो. म्हणून कापडाची चाचणी ठरलेल्या हवेत होते: 27 अंश सेल्सिअस आणि 65 टक्के सापेक्ष आर्द्रता. त्या खोलीत नमुना तासन्‌तास पसरून ठेवतात, तो स्थिर होतो, मग वजन आणि मोजमाप. प्रति चौरस मीटर वजन काढण्याची भारतीय मानक पद्धत आयएस 1964 मध्ये आहे.

आता एप्रिलमधले सोलापूर. पारा 40 च्या वर, दुपारची हवा ठणठणीत कोरडी, भांडाराला पत्र्याचे छत. प्रमाणित हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण 8 टक्के पाणी धरतो असे समजा. 450 जीएसएमचा हा टॉवेल त्या हवेत 506.25 ग्रॅम भरतो. त्यातले पाणी वजा केले तर निव्वळ कोरडे कापड 468.75 ग्रॅम. दुपारच्या कोरड्या हवेत ओलावा 4 टक्क्यांवर उतरला की तोच टॉवेल 487.5 ग्रॅम भरतो, म्हणजे 433 जीएसएम. एक धागाही न काढता टॉवेल 19 ग्रॅमने हलका झाला, आणि निविदेतली सवलत 3 टक्क्यांचीच, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम. भांडारातल्या काट्यावर नापास झालेला माल प्रयोगशाळेत पास होऊ शकतो, आणि या प्रकरणात फरक बरोबर तेवढ्याच ग्रॅमचा होता.

आणखी एक मुद्दा निघत होता. भांडाराने टॉवेलचा आकार मोजला नाही, निविदेतला आकार गृहीत धरला. खरा टॉवेल 74 × 149 सेंटिमीटर भरला असता, तर क्षेत्रफळ 1.1026 आणि त्याच वजनाचे जीएसएम 442, म्हणजे पास. हा मुद्दा मोहात पाडणारा आहे, पण हरकतीत घेतला नाही आणि तेच बरोबर. आपला टॉवेल आकाराने कमी असू शकतो हे आपल्याच हाताने लिहून देणे म्हणजे एका दारातून बाहेर पडून दुसऱ्या दारात अडकणे. हरकतीत प्रत्येक मुद्दा असा उलटा फिरवून पाहावा.

हरकतीचा कच्चा मसुदा आणि पक्का मसुदा

शुक्रवारी रात्री लिहिलेला मसुदा चार पानांचा होता. त्यात 'साटेलोटे', 'ठरावीक ठेकेदाराला लाभ', 'स्थानिक उद्योजकावर अन्याय' होते, आणि खाली प्रत म्हणून पालकमंत्र्यांपासून लाचलुचपत प्रतिबंधक विभागापर्यंत नऊ नावे. असा कागद रोज कार्यालयात येतो आणि रोज फाइलमध्ये जातो. दुष्ट हेतूचा आरोप लिहिला की तो सिद्ध करण्याचा बोजा आपल्यावर येतो आणि पुरावा तर काही नसतो. वर, ज्या अधिकाऱ्याला निर्णय बदलायचा आहे त्याला आता स्वतःचा बचाव करावा लागतो. चूक दुरुस्त करणे म्हणजे आरोप कबूल करणे होऊन बसते. नऊ प्रतींचा परिणाम असा की प्रत्येक कार्यालय 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' खाली पाठवते आणि कोणीच निर्णय घेत नाही.

शनिवारी सकाळचा मसुदा दीड पानाचा झाला. त्यातला मुख्य परिच्छेद असा:

'अट क्र. 14 नुसार नमुन्याची तपासणी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून व्हावयाची आहे. मूल्यमापन तक्ता पान 3 वर आमच्या नमुन्याचे वजन भांडार शाखेत करण्यात आल्याचे दिसते. प्रयोगशाळा अहवालाचा उल्लेख नाही. आम्ही जोडलेल्या अहवालात (लिफाफा 1, पान 27) याच मालाचे जीएसएम 450 असून चाचणी 27 अंश से. व 65 टक्के आर्द्रतेत झाली आहे. कापसाच्या ओलाव्यामुळे पडणाऱ्या फरकाचे गणित सोबत जोडले आहे.'

दुसरा परिच्छेद समानतेचा. एका निविदाधारकाला त्रुटीपूर्ततेची संधी मिळाली आणि त्यातून मुदतीनंतर तयार झालेला अहवाल स्वीकारला गेला. आम्हाला तपासणीबाबत एक प्रश्नही विचारला गेला नाही. इथे 'त्याला बाद करा' असे लिहिले नाही. 'सर्वांना एकच मोजमाप लावावे' एवढेच लिहिले. केंद्राच्या वस्तूखरेदी नियमपुस्तिकेत त्रुटीपूर्तता फक्त आधीपासून अस्तित्वात असलेल्या कागदांपुरती आहे. ती राज्याच्या कार्यालयावर बंधनकारक नाही, पण तत्त्व सांगायला उपयोगी पडते. राज्याच्या कार्यालयांची खरेदी उद्योग विभागाच्या 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयातील नियमपुस्तिकेने चालते, म्हणून आधी तिचा आणि निविदेतल्या अटीचा आधार, बाकी सगळे नंतर.

मागण्या तीनच. आर्थिक लिफाफे हरकतीवर निर्णय होईपर्यंत उघडू नयेत. राखीव सीलबंद नमुना आमच्या उपस्थितीत काढून एनएबीएल प्रयोगशाळेला पाठवावा, शुल्क आम्ही भरू. निर्णय कारणांसह लेखी द्यावा.

तिसरी मागणी किरकोळ वाटते, पण न्यायालयात जायची वेळ आली तर तिची किंमत कळते. मोहिंदर सिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1977 मध्ये सांगितले की आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासला जाईल, नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडता येणार नाहीत. 'नमुना विनिर्देशानुसार नाही' या एका ओळीवरच कार्यालयाला उभे राहावे लागते. न्यायनिवाड्यांची नावे मात्र हरकतीत घातली नाहीत. खरेदी समितीसमोर अट आणि पान क्रमांक बोलतात. निकाल याचिकेसाठी ठेवावेत.

सोमवार

शनिवारी दुपारी 12 वाजता हरकत ईमेलने गेली, निविदा मागवणाऱ्या अधिकाऱ्याला आणि खरेदी समितीच्या अध्यक्षाला. फक्त ईमेलवर विसंबणे ही नेहमीची चूक. सोमवारी 11 पर्यंत तो कोणी उघडलाच नाही असे सांगता येते. म्हणून 9.45 ला दोन प्रती घेऊन आवक शाखेत.

'साहेब आल्यावर द्या, आत्ता पोच नाही मिळत.'

'भाऊसाहेब, साहेबांना भेटायचंच नाही मला. आवक क्रमांक टाका, शिक्का मारा आणि शिक्क्याखाली वेळ तेवढी टाका की.'

वेळ का? कारण तारीख एकटी असली तर लिफाफे आधी उघडले की हरकत आधी आली, हे ठरत नाही. '9.52' हे तीन आकडे आवक शिक्क्याखाली पडले आणि प्रकरणाचा पाया तिथे घातला गेला. पोच घेतलेली प्रत मग निविदा शाखेच्या लिपिकाच्या हातात, पोर्टलवर लिफाफे उघडण्याचे अधिकार ज्यांच्या डिजिटल सहीला आहेत त्यांच्या टेबलावर.

10.40 ला पोर्टलवर शुद्धिपत्रक आले: आर्थिक लिफाफे उघडण्याची तारीख पुढे ढकलली.

लिफाफे उघडण्याआधी थांबवणे आणि उघडल्यानंतर थांबवणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आधी थांबले तर दर कोणालाच माहीत नसतात, म्हणून समितीचा निर्णय कोणत्याही बाजूने संशयास्पद होत नाही. एकदा दर उघड झाले की सगळ्यात कमी दरवाल्याचा, म्हणजे एल-1 चा, हक्कासारखा दावा सुरू होतो. मग आपल्याला पात्र ठरवणे हे 'एल-1 ला डावलण्यासाठी' केल्यासारखे दिसते. पुरवठा आदेश निघाला की प्रश्न माल कधी येणार यावर जातो, आणि निम्मा माल पोहोचला की हरकत जवळपास संपते.

राखीव नमुना

गुरुवारी सुनावणी झाली, वीस मिनिटांत. समितीचा पहिला प्रश्न अपेक्षित होता: राखीव नमुना तोच आहे कशावरून? इथे कारखान्याने निविदा भरताना केलेले एक साधे काम कामी आले. प्रत्येक नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर कापडी पट्टी, पट्टीच्या गाठीवर लाखेचा ठसा, आणि पट्टीवर दोन्ही बाजूंच्या सह्या. भांडाराच्या पोचपावतीवर सीलचा क्रमांक लिहून घेतलेला. पट्टी अखंड होती, ठसा शाबूत होता, विषय तिथेच संपला.

बहुतेक हरकती इथेच फसतात. पुरवठादार टॉवेल खाकी पाकिटात स्टेपल करून देतो, पावतीवर 'नमुना प्राप्त' एवढेच असते. मग राखीव नमुना बदलला गेला असे कोणीही म्हणू शकते, दोन्ही बाजूंनी. प्लॅस्टिकची पिशवी ओलावा रोखायलाही उपयोगी असते, पण अंतिम उत्तर तिच्यावर अवलंबून नसते, कारण प्रयोगशाळा नमुना आधी प्रमाणित हवेत स्थिर करते.

समितीने घेतलेला निर्णय कौतुकास्पद होता. एकट्याचा नमुना पाठवण्याऐवजी चारही निविदाधारकांचे राखीव नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच दिवशी, चौघांच्या प्रतिनिधींसमोर सील तपासून पाठवले. पंचनाम्यावर सगळ्यांच्या सह्या. हरकत घेणाऱ्याच्या बाजूने झुकल्याचा आरोप त्यामुळे उरला नाही.

सहा दिवसांनी अहवाल आला. हरकत घेणाऱ्याचा टॉवेल 448. आणखी दोघे मर्यादेत. त्रुटीपूर्ततेवाल्याचाही नमुना 441, म्हणजे मालात दोष नव्हता.

त्याचे काय करायचे

मालात दोष नाही, पण अहवाल मुदतीत नव्हता. समितीच्या सकारण आदेशात लिहिले गेले की अहवाल पहिल्या लिफाफ्यात जोडणे ही अनिवार्य अट होती, त्रुटीपूर्तता आधीच्या कागदासाठी असते, नव्याने तयार केलेल्या कागदासाठी नाही, म्हणून ती निविदा अपात्र. दुसऱ्या दिवशी त्या निविदाधारकाने स्वतः हरकत घेतली: माझा नमुना तर तुमच्याच प्रयोगशाळेत पास झाला, मग कागदाच्या तारखेवरून बाद का?

हा युक्तिवाद हलका नाही. 1991 च्या पोद्दार स्टील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अत्यावश्यक अट आणि दुय्यम अट असा फरक केला आहे. दुय्यम अटीत कार्यालय सूट देऊ शकते. पण अहवाल जोडणे अनिवार्य आहे असे निविदेतच शब्दशः लिहिलेले असेल, आणि त्याच अहवालाअभावी कोणीतरी मुळात निविदाच भरली नसेल, तर सूट देणे न भरलेल्यावर अन्याय ठरतो. 1979 च्या रमणा शेट्टी प्रकरणातले तत्त्व इथे लागू पडते: शासनाने स्वतः घातलेले निकष शासनावरही बंधनकारक. समितीने तीन दिवसांत लेखी उत्तर दिले. त्या निविदाधारकाने पुढे काही केले नाही. आदेश कारणांसह होता म्हणून. एका ओळीचा असता तर तोही न्यायालयात गेला असता आणि त्याला जागा मिळाली असती.

सोमवार हातचा गेला असता तर

शेजारच्या विजयपूर जिल्ह्यातल्या निविदाधारकाला कर्नाटकच्या 1999 च्या पारदर्शकता कायद्यात कलम 16 खाली अपील करता येते. राजस्थानातही 2012 च्या कायद्यात अपिलाची तरतूद आहे. महाराष्ट्रात असा स्वतंत्र खरेदी कायदा नाही. केंद्राचे सार्वजनिक खरेदी विधेयक 2012 मध्ये मांडले गेले आणि 2014 मध्ये लोकसभेबरोबर व्यपगत झाले. निर्णय आणि करार यांच्यामध्ये सक्तीने थांबायचे दिवसही आपल्याकडे कायद्याने ठरलेले नाहीत. म्हणून सोलापूरच्या पुरवठादाराला दोनच दारे: कार्यालयाकडे हरकत, आणि नाहीतर संविधानाच्या कलम 226 खाली रिट याचिका.

दिवाणी दाव्याचा विचार पुष्कळ जण करतात. शासनाविरुद्ध दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते. तातडीच्या दिलाशासाठी न्यायालयाची परवानगी घेऊन ती टाळता येते, तरी निविदेच्या गतीपुढे हा मार्ग लंगडा पडतो.

रिटसाठी सोलापूरकरांचा पल्ला मात्र कमी झाला आहे. पूर्वी रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरून मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. मंगळवेढा-सांगोल्यावरून सकाळी निघून दुपारच्या कामकाजाला पोहोचता येते. अंतर कमी झाले म्हणून उशीर मात्र माफ होत नाही.

याचिकेत काय चालते आणि काय नाही, हे टाटा सेल्युलरपासून (1994) स्पष्ट आहे: न्यायालय निर्णय कसा घेतला हे पाहते, टॉवेल चांगला की वाईट हे पाहत नाही. जगदीश मंडल (2007) प्रकरणात दोन प्रश्न दिले आहेत. प्रक्रिया दुष्ट हेतूने, कोणाला लाभ देण्यासाठी, किंवा कोणताही शहाणा अधिकारी करणार नाही इतकी मनमानी होती का? आणि त्यात सार्वजनिक हिताला बाधा येते का? अफकॉन्स (2016) प्रकरणानुसार निविदेचा अर्थ लावण्यात ती तयार करणाऱ्याच्या मताला वजन असते. म्हणून 'अट 14 चा अर्थ आमच्या मते असा' हा मुद्दा कमकुवत, आणि 'अट 14 मध्ये प्रयोगशाळा लिहिली आहे, तक्त्यात प्रयोगशाळा नाही' हा मुद्दा भक्कम. बंशीधर कन्स्ट्रक्शन (ऑक्टोबर 2024) प्रकरणात एकाला कागदाच्या कारणावरून बाद केले आणि अनिवार्य कागदात कमी असलेल्या दुसऱ्याला पात्र ठरवले, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने कंत्राट रद्द केले. आपल्या प्रकरणातला त्रुटीपूर्ततेचा मुद्दा याच जातीचा.

याचिकेत यशस्वी निविदाधारकाला प्रतिवादी करायचे विसरू नये. त्याच्या पाठीमागे त्याचा आदेश रद्द होत नाही, आणि याचिका पहिल्याच दिवशी दुरुस्तीसाठी परत येते. निविदेच्या अटींवरच आक्षेप असेल, उदाहरणार्थ अहवालाची अटच जाचक वाटत असेल, तर तो निविदापूर्व बैठकीत किंवा निविदा भरण्याआधी घ्यावा. अटी मान्य करून भरली, हरलो, आणि मग अट चुकीची म्हटली, तर ऐकून घेतले जात नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज अनेक जण हरकतीऐवजी करतात. 10 रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला 30 दिवस; तोवर माल पोहोचलेला असतो. अर्ज जरूर करावा, पण हरकतीच्या दिवशीच, तिच्या जोडीला. नमुना वजनाची नोंदवही, समितीचे इतिवृत्त, त्रुटीपूर्ततेची पत्रे, एवढेच नेमके मागावे. राज्याच्या नियमांत अर्ज 150 शब्दांत बसवायचा असतो, तेव्हा कैफियत मांडायला जागा नाहीच. इतरांच्या दरांच्या तपशिलावर व्यापारी गोपनीयतेचे कलम 8(1)(d) पुढे केले जाते. स्वीकृती झाल्यावर मागितले तर ते तितके टिकत नाही.

लिफाफे उघडले

हरकतीनंतर सतराव्या दिवशी तीन आर्थिक लिफाफे उघडले गेले. चौथा, त्रुटीपूर्ततेवाल्याचा, उघडला नाही. दर नगाला असे: 198 रुपये 60 पैसे, 201 रुपये 90 पैसे, 207 रुपये. हरकत घेणारा कारखाना दुसरा होता, 3 रुपये 30 पैशांनी. बारा हजार नगांवर 39,600 रुपयांचा फरक. वाटाघाटी एल-1 शीच होतात आणि त्याचा दर अंदाजापेक्षा कमी होता, म्हणून हरकत घ्यायला आता काही उरले नव्हते. कारखान्याला बयाणा रक्कम परत मिळाली आणि 'नमुना नापास' हा शेरा आदेशाने मागे घेतला गेला. हा शेरा राहिला असता तर पुढच्या प्रत्येक निविदेत 'यापूर्वी नमुना नामंजूर झाला आहे का' या रकान्यात उत्तर द्यावे लागले असते.

पुरवठा आदेशात एक ओळ नवी आली. प्रत्येक खेपेतून नमुने काढून जीएसएम एनएबीएल प्रयोगशाळेत, प्रमाणित तापमान आणि आर्द्रतेत तपासले जाईल. मे महिन्यात पहिली 4,000 टॉवेलांची खेप आली तेव्हा भांडारातला काटा जागेवरच होता, पण त्यावर गठ्ठ्यांचे वजन झाले, टॉवेलचे नाही.